मंद हादरा आणि उंच लाट : एका शास्त्रीय कल्पनेचा इतिहास



इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. परंतु कल्पनांनाही इतिहास असतो. एखादी समजूत कशी रुजते, ती किती माणसांच्या जिवावर बेतते आणि अखेरीस ती कोणत्या पुराव्याने ढळते, हे पाहणे राजवंशांच्या कथेइतकेच उद्बोधक असते. आज मी अशाच एका समजुतीचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. ती समजूत अशी की, भूकंपाचा हादरा जितका जोराचा तितके संकट मोठे आणि हादरा सौम्य असला तर भिण्याचे कारण नाही.

ही समजूत आपल्याकडे स्वाभाविक आहे. मराठवाडा आणि हे हैदराबाद शहर एकाच संस्थानात नांदले. इथल्या कित्येक मराठी कुटुंबांचे गणगोत लातूर, धाराशिवकडचे आहे. त्यामुळे भूकंप म्हटला की आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. जमीन काही क्षण हादरली, दगडमातीची जड घरे कोसळली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तिथे हादरा हेच संकट होते. पण पृथ्वीवरचे सर्वांत मोठे भूकंप या जातीचे नसतात. ते समुद्राच्या तळाशी, एक भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली जिथे सरकतो तिथे होतात. अशा जागेला आपण अधोगमन क्षेत्र म्हणू, आणि त्या दोन पट्टांमधल्या उतरत्या, शेकडो किलोमीटर लांबीच्या भेगेला महाविभंग म्हणू. किल्लारीच्या भूकंपाची महत्ता सुमारे ६.२ होती. महाविभंगावरचे मोठे भूकंप ९ च्या पलीकडे जातात. महत्तेतील तीन अंकांचा फरक म्हणजे ऊर्जेत तीस हजार पटींहून अधिक फरक. या भूकंपांत मात्र हादरा आणि संकट यांचे गणित सरळ राहत नाही. ते का राहत नाही, याचे उत्तर खडकाच्या गुणधर्मांत आणि विभंगाच्या खोलीत दडलेले आहे. ते सापडायला सुमारे शंभर वर्षे लागली.

सानरिकूचा किनारा

जपानच्या ईशान्येला सानरिकू नावाचा किनारा आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि मधल्या अरुंद खाड्यांच्या काठी कोळ्यांची गावे वसलेली आहेत. १५ जून १८९६ हा दिवस तिथे सणाचा होता. जुन्या पंचांगाप्रमाणे मुलग्यांचा सण, आणि त्यातच चीनशी झालेल्या युद्धातून सैनिक परतल्याचा आनंद. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भूकंप झाला. तो सौम्य होता, पण काही मिनिटे रेंगाळला. घरे पडली नाहीत. अशा धक्क्यांची सवय असलेल्या लोकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. अर्ध्या तासानंतर समुद्र गावांत शिरला. एके ठिकाणी पाणी ३८ मीटर उंचीपर्यंत चढले. त्या रात्री सुमारे बावीस हजार माणसे मृत्यू पावली. किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्यांना पायाखालून काही गेल्याचे कळलेही नाही. सकाळी ते परतले तेव्हा बंदर मोडक्या लाकडांनी आणि प्रेतांनी भरलेले होते.

सदतीस वर्षांनी, ३ मार्च १९३३ रोजी, त्याच किनाऱ्यावर पुन्हा लाट आली आणि सुमारे तीन हजार बळी गेले. या खेपेस हादरा चांगलाच जोराचा होता. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, जवळजवळ एकाच पिढीच्या आठवणीत, एकदा सौम्य धक्क्यानंतर आणि एकदा तीव्र धक्क्यानंतर समुद्र चढला. या दुसऱ्या आपत्तीनंतर आनेयोशी या वस्तीत लोकांनी एक शिळा उभारली आणि तिच्या खाली घरे बांधू नयेत अशी वंशजांना ताकीद दिली. हादऱ्यावरून संकटाचा अंदाज बांधता येत नसेल, तर उंचीवर विसंबावे, हा त्या शिळेचा साधा व्यवहार होता. विज्ञानाला तिथवर पोचायला आणखी बराच काळ जायचा होता.

भेग कोठे आहे?

पहिला प्रश्न होता तो या भूकंपांच्या जागेचा. १९२८ साली कियू वादाती या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिले की काही भूकंप जमिनीखाली शेकडो किलोमीटर खोल होतात. पुढे त्यांच्या लक्षात आले की समुद्राकडून खंडाकडे जावे तसतशी ही खोली वाढत जाते, जणू एखादी उतरती फळी पृथ्वीच्या पोटात खुपसली आहे. अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी १९४९ मध्ये आणि त्यानंतर हीच गोष्ट इतर किनाऱ्यांवर दाखवली. परंतु ती फळी म्हणजे नेमके काय, हे सांगणारा सिद्धांत तेव्हा नव्हता.

२७ मार्च १९६४ रोजी अलास्कात प्रचंड भूकंप झाला. त्याची महत्ता पुढे ९.२ ठरली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे जॉर्ज प्लाफकर यांनी नंतर मैलोन्‌मैल किनारा तपासला. खडकांना चिकटलेले शिंपवर्गीय प्राणी भरतीच्या रेषेच्या वर मरून पडले होते, तर काही ठिकाणी झाडांची मुळे खाऱ्या पाण्यात बुडाली होती. कोणता भाग किती उचलला आणि किती खचला, याचा हिशेब त्यांनी या जीवांवरून आणि झाडांवरून मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की ही भेग उभी नाही. ती समुद्राकडून खंडाखाली अत्यंत मंद उताराने जाते, आणि तिच्यावरून खंडाची कड समुद्राकडे झेपावली आहे. त्याच दशकात भूपट्टांचा सिद्धांत प्रस्थापित झाला आणि वादातींची उतरती फळी, प्लाफकरांची मंद उताराची भेग आणि समुद्रतळावरील खोल गर्ता या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात बसल्या. २२ मे १९६० चा चिलीचा भूकंप, ज्याची ९.५ ही महत्ता आजवर मोजलेल्या भूकंपांत सर्वाधिक आहे, तोही याच चित्रात बसला.

खडकाची दृढता

आता दुसरा प्रश्न. भेग तीच, मग १८९६ चा हादरा इतका मंद का?

त्यासाठी दृढता हा गुणधर्म समजून घ्यावा लागतो. पदार्थाला आडवा जोर लावला असता तो आकार बदलण्यास किती विरोध करतो, ते त्याच्या दृढतेवरून कळते. आपल्याला याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. गोवळकोंड्याचा किल्ला ज्या ग्रॅनाइटवर उभा आहे तो सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा आहे. हातोडा मारला तर खणखणतो. हुसेनसागराच्या तळाचा गाळ मात्र काठीने ढकलला तर मुकाट सरकतो. महाविभंगाच्या दोन टोकांना असाच फरक असतो. गर्तेजवळ, वरच्या टोकाला, समुद्रतळावर साचलेला ओला गाळ आणि भेगाळलेले खडक असतात. खाली खोल जावे तसे वरच्या ओझ्याने पाणी पिळून निघते, भेगा मिटतात, खनिजे बदलतात आणि खडक घट्ट होतो.

१९६६ साली केइइती आकी यांनी भूकंपाचा आकार मोजण्याची एक नवी राशी वापरात आणली. विभंगाचा सरकलेला भाग किती क्षेत्रफळाचा, तो सरासरी किती सरकला आणि तिथल्या खडकाची दृढता किती, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे भूकंपाचा आघूर्ण. हा गुणाकार साधा दिसतो, पण त्यात आपल्या कोड्याची किल्ली आहे. दोन भूकंपांचा आघूर्ण सारखा आणि सरकलेले क्षेत्रही सारखे असेल, पण एके ठिकाणी दृढता पाचपट कमी असेल, तर तिथे खडक पाचपट अधिक सरकलेला असला पाहिजे. समुद्राच्या लाटेला आघूर्णाशी कर्तव्य नसते. तळ किती उचलला गेला, एवढेच पाणी जाणते.

दुसरा परिणाम वेगाचा. विभंग एका ठिकाणी तुटायला लागून पुढे पसरत जातो. हा पसरण्याचा वेग खडकातील आडव्या कंपनांच्या वेगाशी बांधलेला असतो आणि तो वेग दृढतेवर अवलंबून असतो. मऊ खडकात भेग सावकाश पसरते. सावकाश पसरणाऱ्या भेगेतून दीर्घ, संथ लहरी भरपूर निघतात, पण भिंती तडकवणाऱ्या आणि माणसाला घराबाहेर पळवणाऱ्या जलद लहरी कमी निघतात. म्हणून हादरा मंद, लांबलेला आणि फसवा.

१९७२ साली हिरू कानामोरी यांनी १८९६ चा सानरिकूचा आणि १ एप्रिल १९४६ चा अ‍ॅल्युशियन बेटांचा, असे दोन भूकंप एकत्र अभ्यासले आणि अशा भूकंपांना ‘त्सुनामी भूकंप’ हे स्वतंत्र नाव दिले. हादऱ्याच्या मानाने ज्यांची लाट अवाजवी मोठी, ते त्सुनामी भूकंप. १९४६ च्या त्या लाटेने अलास्कातील स्कॉच कॅप येथील दीपगृह आतल्या पाच माणसांसह नाहीसे केले आणि काही तासांनी हजारो किलोमीटर दूर हवाई बेटांवर दीडशेहून अधिक बळी घेतले. प्रशांत महासागरातील इशारा यंत्रणा १९४९ साली उभी राहिली ती या आघातामुळे. पुढे १९७७ मध्ये कानामोरी यांनी आघूर्णावर आधारलेली महत्तेची नवी मोजपट्टी मांडली; जुन्या मोजपट्ट्या सर्वांत मोठ्या भूकंपांपाशी थिट्या पडत होत्या.

खोलीचे मजले

२ सप्टेंबर १९९२ रोजी निकाराग्वाच्या किनाऱ्यावर अगदी सानरिकूसारखाच प्रकार घडला. हादरा इतका हलका की कित्येकांना जाणवलाही नाही. लाट काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत चढली आणि सुमारे १७० माणसे दगावली. फरक एवढाच की या वेळी जगभर आधुनिक भूकंपमापक होते. त्यांच्या नोंदींवरून दिसले की भेग गर्तेच्या जवळ, उथळ भागात तुटली होती आणि अतिशय संथपणे पसरली होती. कानामोरींचे अनुमान आता नोंदीवर उतरले.

१९९९ साली सूझन बिलेक आणि थॉर्न ले यांनी प्रशांत महासागराभोवतीच्या अधोगमन क्षेत्रांतील अनेक लहानमोठे भूकंप खोलीनुसार मांडून पाहिले. त्यांना आढळले की सारख्या आकाराचे भूकंपसुद्धा उथळ भागात अधिक वेळ चालतात आणि खोल भागात लवकर आटोपतात. त्यावरून उथळ भागापासून खाली जाताना दृढता सुमारे पाच पटींनी वाढत असावी, असा त्यांनी हिशेब केला. २०१९ मध्ये व्हॅलेंती सालारेस आणि सेसार रानेरो यांनी जगातील अनेक अधोगमन क्षेत्रांतील लहरींच्या वेगांवरून दाखवले की भेगेच्या वर असलेल्या पट्टाच्या खडकांची दृढता खोलीप्रमाणे ज्या क्रमाने वाढते, त्यातूनच भूकंपांच्या वागणुकीतील हा फरक उलगडतो.

त्यामुळे महाविभंगाकडे आज एखाद्या अनेक मजली इमारतीसारखे पाहिले जाते. समुद्रतळापासून सुमारे १५ किलोमीटरपर्यंतचा वरचा मजला मऊ. इथे तुटले तर सरकणे मोठे, हादरा मंद, लाट उंच. १५ ते ३५ किलोमीटरचा मधला मजला बहुतेक मोठ्या भूकंपांचे घर. त्याखालचा, साधारण ५५ किलोमीटरपर्यंतचा मजला तुकड्यातुकड्यांनी अडकलेला. इथे सरकणे बेताचे, पण जलद लहरी भरपूर, म्हणून किनाऱ्यावरच्या इमारतींना धोका इथूनच. काही ठिकाणी याच खोलीच्या आसपास भेग दिवसेंदिवस मुकाट सरकत राहते आणि केवळ सूक्ष्म थरथर मागे ठेवते. कोणते मजले एका वेळी तुटतात, यावर त्या भूकंपाचे स्वरूप ठरते.

हिमालयाचा गाळ

या चित्राला पहिला मोठा धक्का बसला तो २६ डिसेंबर २००४ रोजी. सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची भेग तुटली. हिंदी महासागराच्या काठावर सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे गेली. त्यांत भारतातील दहा हजारांहून अधिक होती. ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचले. प्रारंभीच्या मोजमापात महत्ता ८ च्या आसपासच आली होती. ती ९ च्या वर होती हे नंतर कळले.

कोडे असे होते की इथे भेगेचा उथळ भागही मोठ्या प्रमाणावर सरकला, जरी तिथे प्रचंड जाडीचा गाळ आहे. हा गाळ परका नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी हिमालयाची माती बंगालच्या उपसागरात लाखो वर्षे ओतली, ती समुद्रतळावरून दक्षिणेकडे वाहत सुमात्राच्या गर्तेपर्यंत जाऊन साचली. २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने तिथल्या समुद्रतळात छिद्रे घेऊन हा गाळ वर आणला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की थरांची जाडी इतकी आहे की खालचा गाळ स्वतःच्याच ओझ्याखाली आणि उष्णतेने, गर्तेत शिरण्यापूर्वीच, खनिजांत बांधलेले पाणी गमावून बसतो आणि घट्ट होतो. म्हणजे गाळ नेहमीच दुबळा, हा सरधोपट नियम टिकत नाही. त्याची जाडी, वय आणि उष्णता हेही विचारात घ्यावे लागते.

पाच मीटरची चिकणमाती

दुसरा धक्का पुन्हा सानरिकूच्याच समुद्रात बसला. ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास सुमारे ५०० किलोमीटर लांबीची भेग तुटली, महत्ता ९. तोपर्यंत बहुतेकांचा समज असा होता की गर्तेजवळचा चिकणमातीचा भाग ताण साठवू शकत नाही, म्हणून तो मोठ्या भूकंपात फारसा भाग घेणार नाही. प्रत्यक्षात सर्वांत जास्त सरकणे तिथेच झाले, सुमारे ५० मीटर. किनाऱ्याजवळच्या खोल मजल्याने जोराचा हादरा दिला आणि गर्तेजवळच्या वरच्या मजल्याने लाट उभी केली. मृतांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक बुडून मेले.

जपानच्या हवामान खात्याने तीनच मिनिटांत इशारा दिला, परंतु तो ७.९ या पहिल्या महत्तेवर आधारलेला होता. इवाते जिल्ह्यासाठी लाटेचा अंदाज तीन मीटर सांगितला गेला. अर्ध्या तासाच्या आत तो वाढवला गेला, पण तोवर कित्येक ठिकाणी वीज गेली होती आणि बदललेला आकडा पोचला नाही. आनेयोशीत लाट जवळजवळ चाळीस मीटरपर्यंत चढली. पण ती शिळेच्या खालीच थांबली आणि वरची घरे वाचली.

वर्षभरानंतर, २०१२ मध्ये, ‘चिक्यू’ या जहाजाने जवळजवळ सात किलोमीटर खोल पाण्यात यंत्र सोडून समुद्रतळाखाली सुमारे ८२० मीटरवर ती भेग गाठली. ती पाच मीटरपेक्षाही कमी जाडीची निघाली आणि स्मेक्टाइट या अतिशय निसरड्या चिकणमातीने भरलेली होती. भेगेत बसवलेल्या तापमापकांना घर्षणाने उरलेली उष्णता अगदी थोडी, एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी आढळली. म्हणजे घर्षण फारच कमी झाले होते. अशी माती सावकाश ढकलली तर शांतपणे सरकते, पण खालून वेगाने आलेली भेग तिच्यात शिरली की ती अडवण्याऐवजी वाट मोकळी करते. ज्या दुबळेपणामुळे तो भाग निरुपद्रवी मानला गेला, त्याच दुबळेपणाने ५० मीटरचे सरकणे शक्य केले.

यातून जपानच्या हवामान खात्याने जो धडा घेतला तो मला फार मोलाचा वाटतो. २०१३ पासून, भूकंप आठच्या पलीकडचा असण्याची शंका असेल आणि त्याचा नेमका आकार लगेच ठरवता येत नसेल, तेव्हा पहिल्या इशाऱ्यात लाटेच्या उंचीचा आकडा न देता ती ‘प्रचंड’ आहे एवढेच शब्दांत सांगावे, असे ठरले. अपुरा आकडा ऐकून माणूस थांबतो. शब्द ऐकून तो टेकडीकडे निघतो.

आपला किनारा

हा इतिहास दूरचा वाटू नये म्हणून शेवटी दोन गोष्टी सांगतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, अरबी समुद्राच्या उत्तर टोकाशी, ८.१ महत्तेचा भूकंप झाला. तिथेही अधोगमन क्षेत्र आहे आणि तिथला गाळ जगातील सर्वांत जाड थरांपैकी आहे. त्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावरही पाणी चढले आणि माणसे दगावल्याची नोंद आहे. अरबी समुद्र सुरक्षित आहे, असे आपण सवयीने म्हणतो. इतिहास तसे म्हणत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच शहरातली. २००४ च्या आपत्तीनंतर, २००७ मध्ये, भारताचे त्सुनामी इशारा केंद्र हैदराबादेत सुरू झाले. समुद्रापासून इतक्या दूर, या ग्रॅनाइटच्या पठारावर बसून शास्त्रज्ञ अंदमान आणि मकरान या दोन्ही विभंगांवर रात्रंदिवस लक्ष ठेवतात. भूकंपमापकांबरोबरच समुद्रतळावरचे दाबमापक आणि बंदरांतील भरतीमापक त्यांच्या हाताशी असतात. हादऱ्यावर एकट्यावर विसंबू नये, हे १८९६ पासून शिकलेले शहाणपण त्या रचनेत उतरले आहे.

मात्र भेग किनाऱ्याजवळ असेल तर इशारा पोचण्याआधी लाट पोचू शकते. १७ जुलै २००६ रोजी जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर पुन्हा एकदा हलका हादरा झाला आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. २००४ ची आठवण तेव्हा दीड वर्षांची होती. म्हणून या शाळेतील मुले सहलीला कोकणात, गोव्यात किंवा विशाखापट्टणमला गेली, तर त्यांना एवढे तरी ठाऊक असावे, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. समुद्रकाठी जमीन हलली आणि ते हलणे मंद असूनही लांबत गेले, किंवा पाणी अचानक मागे हटले, तर कोणाच्या सूचनेची वाट न पाहता उंच जागी जावे आणि काही तास तिथेच राहावे. धक्का किती जोराचा होता याची चर्चा वर पोचल्यावर करता येईल.